रांगेत शेजारी कोण

अमरावतीहून मुंबईला जायचे म्हणजे बडनेऱ्याला गाडी धरायची. अकोला मागे पडले की शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली स्टेशने एकामागून एक येतात, आणि मलकापूर ओलांडले की वऱ्हाड संपून खानदेश लागतो. १९३६ साली तर ही नुसती बोलीची सीमा नव्हती, सरकारी सीमाही होती. इकडे मध्य प्रांत व वऱ्हाड, तिकडे मुंबई इलाखा. त्या एका वर्षात या मुलखाच्या दोन बाजूंना दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये अमरावतीच्या व्यायामशाळेची तुकडी बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी तिने तिथे हुतूतू आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिके केली. डिसेंबरमध्ये मलकापूरपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवरच्या फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यासाठी मुंबईहून पेटती ज्योत धावत आणली गेली.

दोन्ही ठिकाणी तरुण होते, मैदान होते, घाम होता आणि हातोहात पुढे जाणारी ज्योतही होती. पुढे जे झाले त्यात मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. खेळाने माणसे जोडली जातात, असे आपण बक्षीस समारंभांत सरसकट म्हणतो. गेल्या शंभर वर्षांतली आपल्याच भागातली हकिगत नीट वाचली तर तसे म्हणवत नाही. कवायत तीच असते, लेझीमही तीच असते. रांगेत आपल्या शेजारी कोणाला उभे राहू दिले, यावर पुढचे सारे ठरते. ही हकिगत त्या रांगेची आहे.

अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आखाड्यांची तेव्हा वाण नव्हती. गावोगाव तालमी होत्या, पण बहुतेक तालीम कोणत्या तरी आळीची आणि कोणत्या तरी समाजाची असे. वस्ताद ज्यांच्यातला, त्यांचीच पोरे लाल मातीत उतरत. नागपंचमीच्या कुस्त्यांत दोन पैलवान भिडले की त्यांच्यामागे दोन आळ्या उभ्या राहत. वैद्य बंधूंनी व्यायामाला आळीतून बाहेर काढले. व्यायाम करायचा कसा याबरोबर तो शिकवायचा कसा, याचे वर्ग भरवले. त्यामुळे वेगवेगळ्या प्रांतांतून विद्यार्थी अमरावतीला येऊ लागले. ज्याची भाषा कळत नाही त्याच्या खांद्यावर पाय देऊन मनोरा रचायचा, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण १९२०च्या दशकात ती साधी नव्हती. या मंडळाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीच पुढे १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन हे कुष्ठरोग्यांचे गाव वसवले. शरीर कमावणाऱ्यांचे आणि शरीर झडत चाललेल्यांचे असे दोन्ही संसार एकाच माणसाने हाती घेतले, याचा मला फार आदर वाटतो.

अशा ठिकाणची तुकडी बर्लिनला गेली. तिथे तिच्या डोळ्यांसमोर काय होते? शिस्तीचे जगाने तोवर न पाहिलेले प्रदर्शन होते. ऑलिंपियाहून बर्लिनपर्यंत ज्योत धावत नेण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. कार्ल डीम या संयोजकाची ती कल्पना. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती ज्योत हातोहात नेली. स्टेडियममध्ये लाखभर माणसे एका हुकमावर उठत होती आणि बसत होती. व्यायामाचे मोल जाणणाऱ्या कोणाही तरुणाचे डोळे दिपावेत असाच तो देखावा होता.

पण त्या रांगेतून आधीच माणसे गाळलेली होती. १९३३ पासून जर्मनीतल्या क्रीडासंस्थांनी ज्यू खेळाडूंना बाहेर काढले होते. ग्रेटेल बेर्गमन या ज्यू मुलीने स्पर्धेच्या महिनाभर आधी उंच उडीत १ मीटर ६० सेंटिमीटरची झेप घेऊन जर्मन विक्रमाची बरोबरी केली, तरी तिला संघात घेतले नाही. ती ज्योत ज्या देशांमधून गेली, त्यांपैकी ग्रीस, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया हे चार देश १९४१ पर्यंत जर्मन फौजांच्या टाचेखाली होते. आणि मार्च १९४५ मध्ये, युद्ध हरल्यात जमा असताना, याच कार्ल डीमने त्याच ऑलिंपिक संकुलात शाळकरी वयाच्या मुलांपुढे भाषण केले. स्पार्टाच्या वीरांचा दाखला देऊन त्याने त्यांना मरणाला सामोरे जायला सांगितले. ज्योतीची कल्पना ज्याची, भाषणही त्याचेच. शिस्तीत काही उणे नव्हते. एकसारखी केलेली रांग एकसारखेपणाने मरायलाही तयार होते, हे बर्लिनने दाखवून दिले.

आता फैजपूर. काँग्रेसचे हे पन्नासावे अधिवेशन आणि खेड्यात भरलेले पहिलेच. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला ते भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. पूर्व खानदेशातल्या या लहानशा गावाबाहेर टिळकनगर उभारले गेले. नंदलाल बोस यांनी बांबू, तट्टे, केंबळ अशा गावातल्याच वस्तूंनी ते सजवले. यजमानांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी होते. पोलीस खात्यातली नोकरी सोडून ते चळवळीत आलेले. आणि गावोगाव फिरून शेतकऱ्यांना अधिवेशनाशी जोडणारा एक किरकोळ अंगाचा, संकोची माणूस होता. तो म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी १९३० मध्ये सोडून ते सत्याग्रहात उतरले होते, तरी खानदेश त्यांना गुरुजीच म्हणत राहिला.

काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत १८८५ साली झाले होते. त्या मुंबईतून ज्योत पेटवून तरुणांनी ती पायी धावत, टप्प्याटप्प्याने फैजपूरला आणली. बर्लिनची बातमी तेव्हा ताजी होती. तिथली कल्पना इथे उचलली गेली असेल, तर त्यात वावगे काही नाही. चांगली कल्पना कोणाच्याही अंगणातली असो, ती आपल्या मातीत काय होते ते महत्त्वाचे. इथे ज्योत वाटेतल्या गावांतून जात होती आणि ती घेणारा हात कोणत्या रक्ताचा, हे विचारणारे सरकारी खाते नव्हते.

झेंडावंदनाच्या वेळी एक प्रसंग घडला. ध्वज वर चढताना मध्येच अडकला. दोर हलेना. दोन-चार जणांचे प्रयत्न फसले. तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत हा तरुण पुढे झाला आणि सरसर खांबावर चढून त्याने ध्वज मोकळा केला. हजारो माणसांनी श्वास रोखून ते पाहिले. मल्लखांबाच्या मुलखात खांबावर चढणारी पोरे पुष्कळ. पण नेते, कलावंत आणि शेतकरी यांच्या त्या मेळ्यात ऐन क्षणी कामी आले ते एका खेड्यातल्या पोराचे कसलेले शरीर, हे खानदेशाने नंतर कित्येक वर्षे अभिमानाने सांगितले.

इथे थोडे मुंबईकडे वळले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी राहील. याच काळात देशातली सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा मुंबईत भरत होती आणि तिच्यातले संघ धर्मावर पाडलेले होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे चार संघ आणि १९३७ पासून ‘इतर’ हा पाचवा. बाळू पळवणकरांसारखा गोलंदाज हिंदूंच्या संघाला हवा होता, पण चर्मकार म्हणून चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले आणि हिंदू जिंकले. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘इतर’ संघात. १९४३-४४ च्या सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! खेळ उत्तम होता आणि खेळाडू एकमेकांचा मान राखत होते. तरी मैदानाबाहेर तरुण मनात एकच गोष्ट मुरत होती, की आपला संघ म्हणजे आपला धर्म. गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार संघांना जाहीर विरोध केला. स्पर्धा अखेर १९४६ नंतर बंद पडली. तोवर देशाची फाळणी दाराशी आली होती.

या पार्श्वभूमीवर ४ जून १९४१ हा दिवस पाहावा. त्या दिवशी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर ही मंडळी बरोबर होती. सेवा दल हे नाव जुनेच. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये काँग्रेसच्या स्वयंसेवकांचे हिंदुस्थानी सेवा दल काढले होते. पण एस. एम. यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. पुण्यात संध्याकाळच्या वेळी मुलांना मैदानावर बोलावणाऱ्या संघटना होत्या, पण त्यांची मैदाने एकेका धर्माची होती. तरुणांना व्याख्यान नको असते, संध्याकाळ हवी असते. खेळायला जागा हवी असते, हाकेला ओ देणारे सवंगडी हवे असतात. लोकशाहीच्या बाजूच्या माणसांनी ही संध्याकाळ मोकळी सोडली, तर ती दुसरे कोणी भरणारच. एस. एम. यांनी हे ओळखले. मराठी सार्वजनिक जीवनात इतके नेमके निदान क्वचितच झाले असेल.

सेवा दलाची शाखा रोज संध्याकाळी भरे. आधी खेळ. लंगडी, हुतूतू, आट्यापाट्या, खो-खो. मग कवायत, लेझीम, समूहगीत आणि शेवटी थोडा वेळ बौद्धिक. या क्रमालाच महत्त्व आहे. आधी अर्धा-पाऊण तास पळून, पडून, गुडघे फोडून मुले एका वर्तुळात बसत, तेव्हा त्यांना समतेबद्दल सांगितले जाई. तोपर्यंत ब्राह्मण घरातल्या मुलाने महार वस्तीतल्या मुलाची तंगडी धरून त्याला रेषेच्या अलीकडे ओढलेले असे. त्याच्या दमाचा आवाज ऐकलेला असे. हुतूतूत शिवाशीव पाळता येत नाही. ज्याला शिवायचे नाही त्याला बाद कसे करणार? अस्पृश्यता वाईट आहे हे वाक्य ऐकण्याच्या आत ती हाताने मोडलेली असे.

मुली शाखेवर येत होत्या, हेही त्या काळी धक्का देणारे होते. आईबापांची समजूत घालायला कार्यकर्ते घरोघर जात. मुलामुलींनी एका मैदानावर लेझीम खेळणे म्हणजे पोर हातची गेली, असे मानणारी घरे कमी नव्हती. पण लेझीमचा ताल एकट्याने धरता येत नाही. पुढे वाकताना शेजाऱ्याकडे पाहावे लागते आणि त्याच्या पावलाला पाऊल द्यावे लागते. कवायतीत डोळे समोर असतात, हुकूम देणाऱ्याकडे. लेझमीत ते शेजारी असतात. सेवा दलाने कवायत ठेवली, पण जीव लावला तो लेझमीला आणि गाण्याला. बर्लिनच्या रांगेत आणि या रांगेत मला दिसणारा मोठा फरक हा.

वर्षभरात चलेजाव चळवळ पेटली. शाखांवरची पोरे भूमिगत झाली, तुरुंगांत गेली. एस. एम. स्वतः इमाम अली बनून, मौलवीच्या वेषात वावरत राहिले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. दलाच्या प्रमुखाला लपायला जागा मिळाली ती दुसऱ्या धर्माच्या पोशाखात.

सुटकेनंतरचा काळ दलाच्या कलापथकाचा. वसंत बापट, लीलाधर हेगडे अशांनी गाणी, पोवाडे, नाच घेऊन गावे पालथी घातली. साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा सेवा दलाचे तरुण त्यांच्या बरोबर होते. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे आणि विहिरी खुल्या केल्या. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, बडव्यांकडून मान्यता आल्यावर त्यांनी ते सोडले. वारीची वाट शतकानुशतके पायांनी मापणाऱ्या महाराष्ट्रात वाळवंटातली फुगडी सर्वांना खुली होती, गाभारा मात्र नव्हता. ती अखेरची रेष ओलांडायला शाखेवर घडलेली पोरे पुढे आली.

या सगळ्याचे यश फुगवून सांगायचे नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटली. सेवा दल ते थांबवू शकले नाही. साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि दोन वर्षांनी, ११ जून १९५० रोजी, ते स्वतःच निघून गेले. पुढे समाजवादी पक्ष फुटत गेला, त्याबरोबर दलाची शक्तीही विखुरली. अनेक गावांत मैदान राहिले, शाखा उठली. मला याचे मनापासून वाईट वाटते. राजकीय पक्षांची भांडणे मोठ्या माणसांची होती, पण त्यांची किंमत संध्याकाळी खेळायला येणाऱ्या पोरांनी मोजली.

तरीही त्या रांगेतून कोण कोण बाहेर पडले ते पाहा. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हमीद दलवाई हा मुसलमान मुलगा सेवा दलात आला. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्याने मुंबईत विधानसभेवर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. ‘एक गाव एक पाणवठा’ चालवणारे बाबा आढाव इथलेच. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांनी कलापथकात पाय थिरकवले. मोठी झालेली ही माणसे आपसांत जातीची भिंत बांधू शकली नाहीत, कारण लहानपणी एकत्र धापा टाकल्या होत्या.

यानंतरचा धागा पुन्हा विदर्भात येतो. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातली सोमनाथची छावणी मात्र कमी सांगितली जाते. साठच्या दशकाच्या अखेरीस बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही मे महिन्यात, चांद्याच्या उन्हात! सकाळी माती खणायची, दगड वाहायचे, बांध घालायचे. दुपारी चर्चा, रात्री गाणी. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतली मुले इथे घमेल्यांची साखळी करून उभी राहिली. साखळीत आपल्या हातातले घमेले पुढच्याच्या हातात जाते. त्याची जात, बोली, बापाचा पगार यांतले काहीही त्या घमेल्यात मावत नाही. शाखेवरची संध्याकाळ इथे आठवडाभराची झाली.

मग १९८४ उजाडले. मे महिन्यात भिवंडी पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांची कत्तल. १९८५ मध्ये गुजरातेत राखीव जागांवरून सुरू झालेली दंगल धर्मावर घसरली. पंजाबचा करार करणारे संत लोंगोवाल महिन्याभरात, २० ऑगस्टला, मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि आपल्याकडच्या तरुणांच्या हातात दगड, रॉकेल आणि स्टेनगन होत्या.

बाबा आमटे तेव्हा सत्तरी ओलांडलेले. मणक्यांच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. अशा माणसाने कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांची सायकल यात्रा काढायचे ठरवले आणि तिचे नाव ठेवले ‘भारत जोडो’. डिसेंबर १९८५ च्या अखेरच्या आठवड्यात, साने गुरुजींच्या आणि बाबांच्या स्वतःच्या जन्मदिवसांच्या आसपास, शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून निघाले. गाडीत आडवे पडून बाबा बरोबर होते. पुढे पाच हजार किलोमीटरचा रस्ता होता.

सायकलच का? रेल्वेने गेले तर देश खिडकीतून सरकतो. पायी गेले तर एवढा पल्ला एका हंगामात उरकत नाही. सायकलवर दिवसाला पन्नासेक किलोमीटर होतात आणि प्रत्येक गाव भेटते. चढावर सगळ्यांची दमछाक सारखीच होते. मागे पडलेल्याला हाक मारावी लागते, पंक्चर झाले तर थांबावे लागते आणि संध्याकाळी ज्या गावात पोहोचतो तिथल्या लोकांच्या ताटात जेवावे लागते. केरळातला भात आणि पंजाबातली रोटी एकाच पोटात गेल्यावर ‘ते लोक’ असे बोलणे अवघड होते. हात उभारणीला लागावेत, मागण्यासाठी वा मारण्यासाठी उठू नयेत, अशा अर्थाची बाबांची घोषणा होती.

आणि देश त्याच वेळी उलट्या दिशेने धावत होता, हे विसरू नये. यात्रा रस्त्यावर असतानाच, २६ जानेवारी १९८६ ला अमृतसरमध्ये सरबत खालसा हा शिखांचा मेळावा भरला. १ फेब्रुवारीला अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले गेले. त्याच महिन्यात काश्मिरात अनंतनागकडे पंडितांच्या घरांवर आणि देवळांवर हल्ले झाले. जम्मूकडे जाणारा रस्ता पंजाबातून जातो. बसगाड्या अडवून प्रवासी वेगळे काढले जाण्याचे ते दिवस होते. त्या रस्त्यावरून दक्षिणेतली, महाराष्ट्रातली पोरे पायडल मारत गेली. त्यांच्यामुळे पंजाबातला दहशतवाद संपला असे कोणी म्हणणार नाही. पण वेगळे काढण्याच्या त्या हंगामात शंभर तरुणांनी महिनोन्महिने एकत्र राहून दाखवले. दोन वर्षांनी बाबांनी दुसरी यात्रा काढली, तीही थेट अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटरची.

याच सुमारास भिवंडीत सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. १९७० आणि १९८४ च्या दोन भयानक दंगली झेललेले हे मागवाल्यांचे गाव. खोपड्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. पुढारी बाजूला ठेवले, दोन्ही समाजांची साधी माणसे निवडली आणि पोलिसाला त्यांच्यात नियमित बसायला लावले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशेच्या आसपास माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. मुंबईने तो धडा उशिरा गिरवला. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या आणि त्यांनी हाती घेतलेल्या कामांत क्रिकेटचे सामनेही होते. वस्त्यांमधली पोरे आणि पोलीस एका मैदानावर उतरू लागले. दंगलीत ज्यांनी एकमेकांना फक्त दगड आणि लाठी यांच्या दोन टोकांना पाहिले होते, त्यांच्यामध्ये आता चेंडू होता. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे त्यांनी पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. नागराज मंजुळ्यांच्या ‘झुंड’मुळे २०२२ मध्ये ती गोष्ट घराघरांत पोहोचली.

आमच्या जिल्ह्यात सण जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. दोन्ही समाजांतले वडीलधारे येतात, चहा होतो, मिरवणुकीचे मार्ग ठरतात. बैठक गरजेचीच आहे. पण ज्यांच्या हातात त्या दिवशी झेंडे आणि डीजेचे बटण असणार, ती अठरा-वीस वर्षांची पोरे त्या खोलीत नसतात. ती मैदानावर असतात, कारण थंडीत मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठेही जा, कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने चालूच असतात. बक्षिसे पुढाऱ्यांची, बॅनर पुढाऱ्यांचे. संघ मात्र पुष्कळदा वस्तीवार आणि गल्लीवार पडतात, आणि आपल्या गावांत गल्ली म्हणजे काय ते सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी तालमींच्या आळ्या होत्या, मुंबईत धर्मवार क्रिकेट होते, तेच पुन्हा नव्या जर्सीत.

त्यावर तोड आपल्याकडे जुनीच आहे. लहानपणी गडी वाटून घ्यायचे तेव्हा दोन म्होरके उभे राहत. बाकीची पोरे जोडीजोडीने बाजूला जाऊन गुपचूप नावे घेत, एक आंबा तर एक चिंच, आणि गळ्यात हात टाकून परत येत. म्होरक्या नाव उच्चारी आणि जो वाट्याला येई तो त्याचा गडी. काल विरुद्ध असलेला आज आपल्या बाजूने खेळे. आयोजकांनी यंदा एवढेच करावे. प्रवेश संघाला देऊ नये, खेळाडूला द्यावा. सगळ्या वस्त्यांमधली नावे आली की सामन्याच्या आठवडाभर आधी तहसीलच्या मैदानावर चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत, आणि त्या आठवड्यात त्यांना रोज संध्याकाळी एकत्र सराव करायला लावावा.